आमच्या अंगणातले इंजिन
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या दिवशी कोणी कोकमाच्या आगळावर बोलते, कोणी बालसंगोपनावर, कोणी संताच्या चरित्रावर. यंदा चिटणीसबाईंनी मला नेमून दिलेला विषय ऐकून पुष्कळजणींनी तोंडाला पदर लावला, हे मी येथूनच पाहिले आहे. पण गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आमच्या गडग्यापाशी थबकून "काय चाललाहा?" असे विचारले नाही, अशी एकही भगिनी या सभेत नसेल. तेव्हा प्रत्येकीला निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळे सांगून टाकते.

आमच्या घरी जुनी पद्मिनी मोटार आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या नमुन्याची ही गाडी बाहेर पडू लागली. आधी ती फियाट म्हणूनच ओळखली जाई. पद्मिनी हे नाव १९७० नंतरच्या दशकातले. मुंबईला गेलेल्या प्रत्येकीने काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिला पाहिले आहे. त्या टॅक्सींतली शेवटची गाडीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमची मात्र अजून चालते, आणि ती चालणे आम्हांस भाग आहे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा ओरोसला इस्पितळात न्यावे लागते. त्यांना एस. टी.त चढवत नाही, आणि दर खेपेस भाड्याची गाडी करणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय आंगणेवाडीच्या जत्रेला मंडळाची भांडी आणि खाजाचे डबे कोणत्या गाडीतून जातात, हे तुम्ही जाणताच.

तर या गाडीचे हेड गॅस्केट जळले.

आता हे गॅस्केट म्हणजे काय, ते भगिनींना समजावून देण्यास मला मुळीच अडचण नाही. कारण आपल्यापैकी प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात एक गॅस्केट असते. कुकरची रिंग! ती फाटली की शिटी होत नाही, कडेने फसफस वाफ जाते आणि डाळ कच्ची राहते. इंजिनाचेही तसेच आहे. खाली सिलिंडरांचा ओतीव लोखंडाचा ठोकळा, त्याला ब्लॉक म्हणतात. वर झाकण, त्याला हेड म्हणतात. दोहोंमध्ये पातळ पत्र्यासारखे गॅस्केट. पण कुकरच्या रिंगेला एकटी वाफ अडवायची असते; या गॅस्केटला तीन शेजारणींची भांडणे सोडवायची असतात. एकीकडे पेट्रोलचा जळता वायू, दुसरीकडे इंजिन थंड ठेवणारे पाणी, तिसरीकडे तेल. तिघींनी एकमेकींच्या घरात पाऊल टाकता कामा नये. कुकरातली वाफ सुमारे १२० अंश तापते. सिलिंडरात भडका उडतो त्या क्षणी वायूचे तपमान २००० अंशांच्या घरात जाते आणि दाब कुकरच्या तीस-चाळीस पट होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरात हा भडका मिनिटाला १५०० वेळा उडतो. हे सारे त्या पातळ चकतीने सोसायचे.

ते जळले हे ओळखायचे कसे? रेडिएटरातले पाणी दर दोन दिवसांनी कमी होते आणि खाली जमिनीवर थेंबही दिसत नाही, ही पहिली खूण. गाडी चांगली तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते, ही दुसरी. गाडी थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू केले तर पाण्यात सारखे बुडबुडे येतात, ही तिसरी. आणि तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली असता तेलाचा रंग दुधाच्या कॉफीसारखा झालेला दिसला, तर तेलात पाणी शिरले असे समजावे.

मात्र आपल्या किनाऱ्यावर एक सावधगिरी हवी. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच धुराड्यातून वाफ येते, ती दमट हवेची. पाच मिनिटांत जाते. गाडी नुसती बाजारापर्यंत जाऊन येत असेल तर तेल ओतण्याच्या झाकणाखालीही पांढरट साय धरते. तेवढ्यावरून कोणी "हेड गेले" म्हणून भिवविले तर भिऊ नये. झाकणावर विसंबू नका, पट्टी पाहा.

आमच्या गाडीचे हे दुखणे दुसऱ्यांदा उलटले होते. पहिल्या वेळी एका गॅरेजात हेड काढले, फडक्याने पुसले, नवे गॅस्केट ठेवून बोल्ट आवळून दिले. सहा महिने गाडी नीट चालली. मग फोंडा घाट चढताना काटा पुन्हा तांबड्यावर गेला. या खेपेस तिथल्या मिस्त्रींनी सांगितले, "काकी, इंजिन संपला. भंगारात घाला." गॅस्केट किती रुपयांचे? मंडळाच्या एका सहलीची वर्गणी त्याहून जास्त असेल. पण ते का जळले, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रिंग पुन्हा पुन्हा फाटत असेल तर आपण कुकरच्या झाकणाचा काठ वाकला आहे का ते पाहतो की नाही? गॅस्केट हे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा भोगत असते.

माझा पुतण्या येथल्याच शासकीय तंत्रनिकेतनात शिकला. तो म्हणाला, "काकी, आपण घरीच उघडूया." मी हो म्हटले. मलाही पाना कशाशी खातात ते ठाऊक आहे. विहिरीवरचा पंप गेली वीस वर्षे मीच उघडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कोणी उद्या उगाच इंजिन काढून बसेल. पद्मिनीसारख्या गाडीत चारही सिलिंडर एका ओळीत उभे असतात, हेड एकच आणि गॅस्केटही एकच. ते बदलण्यासाठी सगळे इंजिन बाहेर काढावे लागत नाही. जागेवरच हेड उचलता येते. काही परदेशी गाड्यांत सिलिंडर दोन बाजूंना आडवे किंवा तिरके असतात, तेथे हेडे दोन आणि गॅस्केटेही दोन. हेड आणि गाडीची भिंत यांत हात शिरत नाही, म्हणून तेथे इंजिन काढणेच सोयीचे पडते. आमचे इंजिन काढावे लागले ते निराळ्या कारणाने. पाणी मिसळलेल्या तेलावर ते बरेच दिवस चालले होते. तसल्या तेलाचे वंगण होत नाही, आणि सगळ्यांत आधी मार खातात ती खालची बेअरिंगे. नुसते हेड दुरुस्त करून बसविले असते तर वरून सून नटवली आणि खालून घर गळते, अशी गत झाली असती.

आता उचलायचे कसे? इंजिनाचे वजन तांदळाच्या दोन मोठ्या पोत्यांएवढे, म्हणजे शंभर किलोच्या आसपास. आंब्याच्या फांदीला टांगू, असे दोघातिघांनी सुचविले. मी साफ नाही म्हटले. फांदी बाहेरून हिरवी आणि आतून पोखरलेली असते, हे आपल्या परसातल्या झाडांनी किती वेळा दाखविले आहे! मांगराच्या वाशाचाही भरवसा नाही. वासा कौलांसाठी असतो, इंजिनासाठी नव्हे. जाड लोखंडी नळ्यांचे तिकाटणे केले, पाय सरकू नयेत म्हणून तिन्ही पाय साखळीने एकमेकांस बांधले, खाली चिऱ्यांची पक्की जमीन पाहिली आणि एक टनाची चेनपुली भाड्याने आणली.

या कामात खरे गुरू भेटले ते शेजारचे तांडेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्याआधीच दर्या खवळू लागला म्हणून त्यांनी होडी वर ओढून ठेवली होती. होडीचे इंजिन दर पावसाळ्याच्या तोंडाशी उचलायचे आणि नारळी पौर्णिमेच्या आधी परत बसवायचे, हा त्यांचा नेम. ते आले, आम्ही आणलेला नायलॉनचा दोर हातात घेऊन पाहिला आणि बाजूस टाकला. "ह्यो दोर ताणता. वजन उचलल्यार हिसको मारतलो. साखळी घे." मग इंजिनाला पुढे एक आणि मागे एक अशा दोन ठिकाणी साखळी धरली, म्हणजे ते झुलत नाही आणि हवे तसे कलते करता येते. त्यांनी दुसरी आज्ञा केली ती मी येथे मोठ्याने सांगते. इंजिन हवेत असताना त्याच्या खाली हात नाही, पाय नाही, आणि अंगणात पोर नाही. पडलेला पाना उचलायलाही खाली वाकायचे नाही. आळीतली सगळी मुले मी त्या दिवशी सासूबाईंच्या ताब्यात देऊन माजघरात बसविली आणि दाराला बाहेरून कडी घातली. त्यांची रडारड तुम्ही ऐकलीच असेल.

उचलण्याआधी सोडविण्याचे काम, ते दीड दिवस चालले. प्रथम बॅटरीची ऋण तार काढायची. पेट्रोलची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे, आणि त्या दिवशी अंगणात चूल तर नाहीच, विडीसुद्धा नाही. मग रेडिएटरचे पाणी सोडायचे. त्यात कूलंट घातलेले असेल तर ते जमिनीवर सोडू नये. त्याची चव गोडसर असते, म्हणून कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. विहिरीच्या आसपास तर ते मुळीच नको. आम्ही ते पिंपात धरले, जळके तेल निराळ्या डब्यात. कोणी माडाच्या बुंध्यात ओता म्हणाले. माड काय आपला शत्रू आहे?

पुढे बॉनेट उतरविले, रेडिएटर काढला, पाण्याच्या नळ्या, पंख्याचा पट्टा, कार्बुरेटरच्या तारा, स्टार्टर, सायलेन्सरचा सांधा सोडविला. गिअरबॉक्स जागेवरच राहू द्यायचा होता, म्हणून त्याच्या खाली जॅक देऊन आधार दिला. इंजिन आधी सरळ पुढे ओढायचे आणि गिअरबॉक्सचा दांडा पुरता सुटल्यावरच वर घ्यायचे. घाई करून इंजिनाचा भार त्या दांड्यावर लोंबू दिला तर तो वाकतो, क्लच प्लेटही बिघडते, आणि एका कामाची तीन कामे होतात.

आणि येथे, भगिनींनो, बायकांच्या हातचा गुण उपयोगी पडला. काढलेला प्रत्येक बोल्ट कोठला, हे पंधरा दिवसांनी कोणाला आठवणार? मी नारळाच्या करवंट्या मांडल्या. एकेका भागाचे बोल्ट एकेका करवंटीत, आणि आत कागदाची चिठ्ठी. विजेच्या तारांच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा भरतकामाचा दोरा बांधला. तांबड्याला तांबडा, निळ्याला निळा. पुतण्याने मोबाइलवर छायाचित्रे काढली होती, तीही कामास आली. पण तेलकट हातांनी मोबाइल उघडण्यापेक्षा दोरा पाहणे सोपे.

दुसऱ्या दिवशी गडग्यापलीकडून एका आजींनी विचारलेच, "गो, ह्यां काय बायलमानसाचां काम? आणि परत बसतला मां तां?" त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना तेव्हाच दिले, ते तुम्हांलाही सांगते. १८८८ साली जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी बनविलेली मोटार कोणी विकत घेईना. तेव्हा त्यांच्या पत्नी बेर्था बेन्झ या पतीला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या मोटारीतून सुमारे शंभर किलोमीटर माहेरी गेल्या. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने साफ केली. ब्रेकचे लाकूड झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. त्या गाडीचे पाणी उकळून वाफ होऊनच इंजिन थंड राहत असे, म्हणून जागोजागी थांबून पाणी भरावे लागे. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातली मिस्त्री बाईच होती, आणि इंजिन तापते ही तक्रारही तेव्हापासूनचीच आहे. आजी म्हणाल्या, "म्हायेराक जावचां आसल्यार बायल कायय करीत!" यावर मला काही बोलता आले नाही.

इंजिन बाहेर आल्यावर हेड उघडले. हेड नेहमी पूर्ण थंड झाल्यावरच सोडवावे, आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करीत यावे. एकच बोल्ट एकदम सोडला तर हेड वाकते. व्हॉल्व्हचे आठ पुशरॉड पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत क्रमाने खोचून ठेवले, कारण ज्या जागी जो झिजला त्यानेच परत त्या जागी बसायचे असते.

गॅस्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांच्या मध्ये जळून काळे पडले होते. जुन्या धर्तीच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून चिकटलेले तुकडे पाण्याने ओले करून लाकडी पट्टीने काढले. पॉलिशकागद घासण्याचा मोह आवरावा. त्याची वाळू तेलात जाऊन बेअरिंगे खाते.

मग हेडावर सरळ पोलादी पट्टी उभी धरून तिच्याखाली फिलर गेजची पत्ती घालून पाहिली. अशा लहान इंजिनांना ०.०५ मिलिमीटरची पत्ती खालून जाऊ लागली म्हणजे काळजीचे समजतात. आमच्या हेडाखाली मध्यावर त्याच्या तिप्पट जाडीची पत्ती सहज गेली. पहिल्या दुरुस्तीत कोणी ही पट्टी धरलीच नव्हती! हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन वाजवीपेक्षा तापले की हेडाला फुगायचे असते आणि बोल्ट त्याला धरून ठेवतात. मग ते वाकते, आणि वाकले की कितीही नवे गॅस्केट घातले तरी काही महिन्यांचेच सोबती.

हे सपाटीकरण घरी होत नाही. कोणी काचेवर पॉलिशकागद चिकटवून घासतात म्हणे, पण ज्या हेडावर सासूबाईंचे ओरोसला जाणे अवलंबून, त्यावर मला तसला प्रयोग नको होता. हेड गोधडीत गुंडाळून पुतण्या एस. टी.ने कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन गेला. कंडक्टरने विचारले, "फणस काय?" तेथे यंत्रावर हेडाचा तळ सपाट करून घेतला, तडा गेलेला नाही याची दाबाच्या पाण्याने परीक्षा झाली, आणि बेअरिंगेही तेथूनच आणली. तिसऱ्या दिवशी तो परत आला. घरी करायचे काम कोणते आणि कारखान्यात पाठवायचे कोणते, हे ठरविता आले की निम्मा खर्च वाचतो. आमचा वाचला तो सोडविण्या-बसविण्याच्या मजुरीचा.

पण ते तापले तरी का? रेडिएटर उलटा करून पाणी सोडले तर गंजाचा तांबडा चिखल निघाला आणि पाण्याच्या वाटांत पांढरे क्षार बसलेले दिसले. हेडाच्या पाण्याच्या भोकांचे काठ उंदराने कुरतडल्यासारखे खाल्ले गेले होते. कारण आपले पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरींना चैत्र-वैशाखात मचूळ चव येते, ती आपण आमटीत ओळखतो. मोटारीला मात्र तेच पाणी बिनदिक्कत पाजतो. खारट पाणी, लोखंड आणि ॲल्युमिनियम ही तिन्ही एकत्र आली की ॲल्युमिनियम झिजत जाते. आता आम्ही कूलंट आणि बॅटरीचे शुद्ध पाणी घालतो. दारात गाडी असलेल्या सर्व घरांना माझे सांगणे आहे की विहिरीची कळशी रेडिएटरात ओतू नका, मग गाडी जुनी असो की नवी.

परत बसविताना बोल्टांची भोके कोरडी करून घेतली. भोकात तेल साचलेले असले तर बोल्ट आवळताना त्याला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आवळणे मध्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. किती आवळायचे तो आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्यावा. "हाताला कळते" म्हणणाऱ्याचा घेऊ नये. मिरगाचा पाऊस पडायच्या आदल्या संध्याकाळी गाडी सुरू झाली. अंगणात जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजविल्या, पण पुतण्याने लक्ष दिले नाही; तो अर्धा तास काट्याकडेच पाहत उभा होता.

घाटात काटा चढला तर काय करावे, हे चिटणीसबाईंनी मुद्दाम सांगावयास सांगितले आहे. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि निदान अर्धा-पाऊण तास बसून राहा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. उकळते पाणी थेट तोंडावर येते. जाणारे-येणारे बाटल्या घेऊन धावतात आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू पाहतात, त्यांना हात जोडून थांबवा. तापलेल्या तव्यावर पाणी टाकले तर काय होते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

अशा जुन्या इंजिनाचे बोल्ट काही दिवस चालल्यावर, थंड असताना, पुन्हा एकदा तपासून आवळावे लागतात आणि टॅपेटची फट नव्याने मोजावी लागते. तेही झाले. तेलाची पट्टी मी अजून दर सोमवारी पाहते. तेल स्वच्छ आहे. तिकाटणे आता आमच्या मांगरात उभे आहे आणि टॉर्क पाना कपाटात. कोणाला लागल्यास घेऊन जावे. चेनपुली मात्र भाड्याची होती, ती पेठेतल्या दुकानातून आणावी लागेल. आणि आणाल तेव्हा साखळीची प्रत्येक कडी डोळ्यांखालून घालून मगच पैसे द्या.